सिंत्राच्या रानातला बुचाचा मठ

पोर्तुगालमधल्या सिंत्राच्या डोंगरात, प्रचंड धोंड्यांच्या कपारीत ‘कोन्व्हेंतु दुश कापूशुश’ हा मठ दडलेला आहे. खोल्यांची दारं इतकी ठेंगणी, की अगदी वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. दारांना आणि छताला बुचाची साल ठोकलेली. (आपल्याकडचं बुचाचं झाड ते हे नव्हे; ही ओकची जात, साल सोलली तरी पुन्हा धरते.) रानात मिळणारी, दमट थंडी अडवणारी ही साल गरीब संन्याशांना परवडण्यासारखी होती.

मठाचा उगम मात्र एका धनाढ्य घराण्यात, आणि तोही गोव्याशी जोडलेला. १५६० मध्ये आल्व्हारु द कास्त्रोने तो उभारला, वडिलांची इच्छा पुरी करायला. वडील म्हणजे दों जुआंव द कास्त्रो, पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवल्यावर मोडका किल्ला बांधायला पैसे नव्हते, तेव्हा गोवेकरांकडे स्वतःच्या दाढीचे केस तारण पाठवणारा तो हाच. १५४८ मध्ये तो गोव्यातच वारला. आख्यायिका अशी, की सिंत्राच्या रानात हरणाचा पाठलाग करताना वाट चुकून तो एका खडकाखाली झोपला आणि तिथे प्रार्थनास्थळ बांधण्याचा आदेश त्याला स्वप्नात मिळाला.

इथल्या संन्याशांची रानातल्या एकांताची ओढ त्यांच्या फ्रान्सिस्कन पंथाचे संस्थापक, इटलीतल्या असिसीचे संत फ्रान्सिस यांच्यापासूनची. ते स्वतः सुबासियो डोंगरातल्या गुहांत जाऊन राहत. एकांतवासासाठी त्यांनी घालून दिलेला छोटासा नियम मला फार आवडतो: तिघांनी, फार तर चौघांनी राहावं, दोघांनी ‘आई’ व्हावं, बाकीच्यांनी ‘लेकरं’. आईने बाहेरचा व्याप सांभाळायचा, लेकरांनी प्रार्थना करायची. अधूनमधून भूमिकांची अदलाबदल. एकांत म्हटला तरी कुणाला तरी भाकरीचं बघावंच लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

सिंत्राला आलेले संन्यासी पोर्तुगालमधल्याच आराबिदा डोंगरातल्या कडक फ्रान्सिस्कन शाखेचे. १५८१ मध्ये स्पेनचा आणि तेव्हा पोर्तुगालचाही राजा असलेला दुसरा फिलिप इथे येऊन गेला. आपल्या राज्यात एस्कोरियल (त्याचा स्पेनमधला भव्य राजवाडा-मठ) सर्वांत श्रीमंत आणि हा मठ सर्वांत गरीब, म्हणून दोन्ही प्रिय, असं तो म्हणाल्याचं सांगतात. होनोरियु नावाचा संन्यासी तर मठही सोडून जवळच्या गुहेत कित्येक वर्षं राहिला.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ ओस पडला. पुढे तो खासगी मालकीत गेला, १९४९ मध्ये सरकारकडे आला. होनोरियुची गुहा आजही दाखवतात.