बंदुकीच्या नळीतलं मीठ

मिरगाचा पाऊस लागला की पेडण्यातल्या आमच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. तांदळाचे दाणे टाका, झाकण घट्ट लावा, मीठ ओलं ते ओलंच. याच ओलाव्याने कितीतरी जुन्या लष्करी रायफलींच्या नळ्या खाल्ल्यात, असं सांगितलं तर काका हसतात. त्यांच्याकडे शेतराखणीच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, परत आणली की नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, एवढीच तिची सेवा. "बंदुकीला तेल दाखवावं, पाणी नाही."

त्यांच्या बंदुकीपुरतं हे खरं आहे. पण ली-एनफील्ड किंवा मोझिन-नागांतसारख्या, सैन्याने मोडीत काढलेल्या रायफली हौसेने घेणाऱ्या अमेरिकी माणसाने हाच नियम पाळला, तर त्याची नळी गेलीच म्हणायची. (आपल्याकडे ली-एनफील्डचं .३०३ हे नळीचं माप निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य परवान्यावर .३१५ ची रायफल मिळते. तेव्हा ही हौस लांबूनच बघायची.)

गोम आहे जुन्या काडतुसात. त्याच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. चाप ओढला की पिन तिच्यावर आपटते, आतला मसाला पेटतो आणि ठिणगी दारूला लागते. पूर्वी या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते ऑक्सिजन देऊन टाकतं आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. नळीत त्याचा बारीक थर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि त्यातच विरघळतं. जुलैतल्या गोव्यात त्यासाठी वाट पाहावी लागत नाही! त्या खारट थेंबातले क्लोराइडचे आयन पोलादाला एकेका जागी पोखरत खड्डे पाडतात. गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा खराब झाल्या की नेमाचं काही खरं नाही.

मग तेल का चालत नाही? मीठ तेलात विरघळत नाही म्हणून. वर तेल, खाली मीठ, आणि ओलावा हळूहळू झिरपतोच. आधी पुष्कळांचा संशय दारूच्या जळक्या अवशेषांवर होता. खरा दोषी टोपीतलं मीठ, हे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९२२ मध्ये दाखवलं. ब्रिटिश सैन्यात नळीला नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. मीठ गार पाण्यानेही जातं, पण उकळत्या पाण्याने नळी तापते आणि उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. मग कोरडा बोळा, आणि तेल शेवटी. काही हौशी मंडळी काच पुसायचं अमोनियावालं द्रावण वापरतात. त्यातही मीठ धुतं ते पाणीच. अमोनियाचा उपयोग गोळीच्या तांब्याचा लेप काढायला.

आजच्या टोपीत बहुतेक शिशाचं स्टिफनेट असतं, क्लोरेट नसतं. म्हणून काकांचं तेलावर भागतं.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू मात्र जळल्यावर पोटॅशियमचे क्षार मागे ठेवते आणि तेही ओलावा धरतात. हे सांगत होतो तेव्हा काका मध्येच म्हणाले, "आमचे बाबा ठासणीची बंदूक न्हाणीतल्या भाणातल्या कढत पाण्याने धुवायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ."