विश्लेषकाने फक्त नफाच पाहायचा असतो का?

‘पर्यावरण आणि समाज पाहत बसणारा आर्थिक विश्लेषक गुंतवणूकदाराशी बेइमानी करतो,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 2005 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वित्तीय उपक्रमासाठी फ्रेशफील्ड्स या कायदेसंस्थेने अनेक देशांचे कायदे तपासले. हे मुद्दे विचारात घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, असा निष्कर्ष निघाला.

बीपी या ब्रिटिश तेलकंपनीचंच पाहा. 2005 मध्ये तिच्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 जण मरण पावले. इशारा समोर होता. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर स्फोट झाला, आणखी 11 कामगार गेले आणि कंपनीला 60 अब्ज डॉलरहून अधिक भुर्दंड पडला. (गेलेल्या जिवांचा हिशेब त्या आकड्यात मावतच नाही.) सुरक्षेतली हेळसांड ताळेबंदात सहसा दिसत नाही, अपघातांच्या नोंदी, नियामकांच्या नोटिसा, दंड यांतून ती शोधावी लागते. हे विश्लेषकाचंच काम आहे.

पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांवर संस्था देतात त्या तयार ईएसजी गुणांकावर विसंबून मात्र ते होत नाही. एकाच कंपनीला दोन संस्था बरेच वेगळे गुण देतात, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि तीच गोष्टही वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात.