कंपवाताच्या रुग्णाशी बोलायचं कसं? फार्मसीच्या वर्गातल्या एका विषयाची पार्श्वभूमी

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं बोलावं, हे नाशिकमधल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं तर सुरुवात १९४८च्या फार्मसी कायद्यापासून करण्यात फारसं हशील नाही. नोंदणी आणि शिक्षणाची चौकट त्याने घालून दिली, एवढंच. पुढे पदवीचा भर बराच काळ औषधनिर्मितीवर राहिला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींशेजारी वाढलेल्या शहरात ते स्वाभाविकही होतं. २००८मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आला आणि रुग्णालयाच्या वॉर्डातलं काम थेट अभ्यासाचा भाग झालं.

खरा वाद २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीचा आहे. चिठ्ठी हातात आली की नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतःहून रुग्णाशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्याशी बोलायला सुरुवात करावी, असं तिने बजावलं. औषध कशासाठी, किती, कसं घ्यायचं, डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्यात आलं. पण रुग्णाने नको म्हटलं तर समुपदेशन बंधनकारक नाही, अशी सवलतही लगेच दिली. समुपदेशनाबद्दलच्या अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यातही नकाराची सोय होती; तिथे मात्र कर्तव्य बोलण्याची तयारी दाखवण्यापुरतं होतं. आपल्याकडे 'स्वतःहून' हा शब्द आला, आणि तोच या नियमाचा गाभा आहे. संध्याकाळी मुंबई नाक्याजवळच्या मेडिकलमध्ये गर्दी असते, मुलगा वडिलांची चिठ्ठी पुढे करून "पटकन द्या" म्हणतो. हा नकार धरायचा का? अनेक जण धरतात. माझ्या मते धरू नये. घाई म्हणजे नकार नव्हे, आणि विद्यार्थ्याला सगळ्यात आधी हेच शिकवायला हवं.

कंपवातात तर अशा दोन मिनिटांवर दिवसभराचं चालणं-फिरणं अवलंबून असतं. लेव्होडोपा हे औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस उपचारात रुळलं, आजही मुख्य आधार तेच आहे. त्याची वेळ चुकली की हातपाय अडकतात. प्रथिनांचं जेवण त्याच सुमारास झालं तर औषध नीट शोषलं जात नाही. गिळताना त्रास होतो म्हणून घरचे दीर्घकाळ असर करणारी गोळी कुटून वरणात कालवतात, मग सगळा डोस एकदम सुटतो. उलटीवर दुसऱ्याच डॉक्टरांनी मेटोक्लोप्रामाइड हे औषध लिहिलं तर कंप आणि ताठरपणा वाढतो. शिवाय कुणी वैद्यांकडून कवचबीजाचं (खाजकुहिलीच्या बियांचं) चूर्ण आणलेलं असतं. त्यात मुळातच लेव्होडोपा असतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं.

यातलं काहीही "औषध वेळेवर घ्या" एवढ्याने कळत नाही. "काकू, काकांना गोळी जेवणाआधी देता की नंतर?" असं विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. कंपवाताच्या रुग्णाचं बोलणं अनेकदा हळू आणि पुटपुटतं होत जातं. त्याचं वाक्य सोबतच्याने पुरं करू नये, हेसुद्धा सरावानेच अंगवळणी पडतं.

सरावाची सोय मात्र असमान आहे. २०१४च्या नियमांखालच्या बी.फार्म. या पदवीत समुपदेशन सातव्या सत्रातल्या फार्मसी प्रॅक्टिसच्या पेपरात येतं आणि त्या पेपराला प्रात्यक्षिकच नाही. २०२०च्या नव्या डी.फार्म. या पदविकेच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी फार्मसीला प्रात्यक्षिक मिळालं. म्हणजे पदविकेची मुलं एकमेकांना रुग्ण करून बोलायला शिकतात आणि पदवीची मुलं मुद्दे पाठ करून परीक्षेत लिहितात.