विंडो व्यवस्थापन (डेस्कटॉप प्रोग्राममधील)

डेस्कटॉप प्रोग्रामने पडद्यावर विंडो उघडणे, वापरकर्त्याच्या कृतींना तिच्यातून प्रतिसाद देणे आणि काम संपल्यावर ती मोडणे, या सगळ्याला विंडो व्यवस्थापन म्हणतात. विंडो प्रोग्रामची वाटली तरी तिचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतो. प्रोग्राम मागणी करतो, सिस्टिम विंडो तयार करते आणि तिची ओळखखूण, म्हणजे हँडल, प्रोग्रामच्या हाती देते.

एकमेकींवर चढणाऱ्या विंडो झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या कामातून आकाराला आल्या. १९८५ च्या विंडोज १.० मध्ये मात्र प्रोग्रामांच्या विंडो शेजारी शेजारीच मांडल्या जात; त्या एकमेकींवर ठेवण्याची सोय १९८७ मध्ये विंडोज २.० ने दिली.

विंडोजमध्ये सी भाषेतून विंडो उघडताना आधी विंडो क्लासची, म्हणजे विंडोच्या साच्याची, नोंदणी होते. कोणता मेसेज, म्हणजे काय घडले याची सूचना, आल्यावर काय करायचे हे ठरवणारे फंक्शन त्यातच नेमलेले असते. मग ‘क्रिएटविंडो’ने विंडो बनते आणि ‘शोविंडो’ने दिसते. नवशिक्यांची गाडी बहुधा यापुढे अडते: विंडो क्षणभर चमकते आणि प्रोग्रामच संपतो. कारण मेसेज लूप, म्हणजे येणारे मेसेज सतत उचलत राहणारा कोडचा भाग, लिहायचा राहिलेला असतो. पायथन भाषेच्या टीकेइंटर या विंडो बनवण्याच्या लायब्ररीमध्ये हेच काम ‘मेनलूप’ ही एक ओळ करते.

हा लूप नीट समजला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. माउसची क्लिक, कळ दाबणे, आकार बदलणे, सगळे मेसेज होऊन रांगेत येते. लूप एकेक मेसेज उचलून नेमलेल्या फंक्शनकडे पाठवतो. रांग रिकामी असेल तर प्रोसेसर न अडवता थांबून राहतो. एखाद्या बटणामागे मोठी फाइल वाचण्याचे काम थेट लिहिले, तर ते संपेपर्यंत पुढचे मेसेज तुंबतात. पाच सेकंद मेसेज उचलले गेले नाहीत की विंडोज त्या विंडोला प्रतिसाद न देणारी ठरवते. म्हणून लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या प्रवाहावर, द्यावे, पण विंडोतील घटकांना हात मूळ थ्रेडनेच लावावा.

विंडो बंद होण्याचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. फुलीवर क्लिक केल्याने विंडो लगेच नष्ट होत नाही. ‘क्लोज’ मेसेज येतो. न साठवलेल्या मजकुराबद्दल विचारण्याची जागा हीच, आणि वापरकर्त्याने नको म्हटले तर विंडो तशीच उघडी ठेवता येते. होकार मिळाला तर विंडो मोडली जाते, ‘डिस्ट्रॉय’ मेसेज येतो आणि त्यावर प्रोग्रामने ‘पोस्टक्विटमेसेज’ बोलावले की लूप थांबतो. ही शेवटची पायरी राहिली तर विंडो नाहीशी होते, पण प्रोग्राम मागे चालूच राहतो आणि टास्क मॅनेजरमध्ये सापडतो.

एकाहून जास्त विंडो हव्या असतील तर टीकेइंटरमध्ये मूळ विंडो एकच ठेवून बाकीच्या ‘टॉपलेव्हल’ने उघडाव्यात. उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो अडवून धरणारा मोडल डायलॉग अगदी गरजेपुरताच वापरलेला बरा.

विंडोची जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी तिथेच उघडणारे प्रोग्राम सोयीचे असतात. मात्र मधल्या काळात दुसरा मॉनिटर काढलेला असू शकतो, म्हणून ती जागा अजून पडद्यावर आहे का हे आधी तपासावे. लिनक्सवरील वेलँड या विंडो दाखवण्याच्या व्यवस्थेमध्ये तर साध्या विंडोला पडद्यावरची आपली जागा स्वतः ठरवताच येत नाही. तो निर्णय कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, घेतो.