शाळेत नवीन काही करायचं तर झळ कोणी सोसायची?

मुख्याध्यापकांच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा, दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात, रिस्क घ्या आणि बदल स्वीकारा. त्यात चुकीचं काहीच नाही. पण रिस्क घेतली आणि फसली तर पालकांसमोर कोण उभं राहणार, वरून विचारणा आली तर खुलासा कोणी लिहायचा, आणि त्या वर्षी ज्या मुलांवर प्रयोग झाला त्यांचं काय, याबद्दल कोणी बोलत नाही. मी बरीच वर्षं वर्गात शिकवतेय आणि शाळांचा इतिहास वाचायची मला मनापासून आवड आहे. वाचता वाचता एक गोष्ट परत परत दिसली, की शाळेत बदल टिकला तो बहुतेक वेळा तिथे जिथे कोणीतरी त्याची झळ स्वतःवर घेतली. म्हणून ही पार्श्वभूमी थोडी सविस्तर लिहिते.

सुरुवात धुळाक्षरांपासून. 1789 मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या एका शाळेचा प्रमुख झाला. एकदा सकाळी घोड्यावरून रपेट मारताना त्याला एका देशी शाळेतली मुलं जमिनीवर वाळू पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवताना दिसली, म्हणजे आपण धूळपाटी म्हणतो तेच. ना कागद ना शाई, चुकलं की हात फिरवायचा आणि परत लिहायचं. बेलला ते इतकं पटलं की त्याने शाळेत येऊन मास्तरला सांगितलं आता आपणही मुळाक्षरं अशीच शिकवायची, आणि मास्तर म्हणाला जमणार नाही. मग बेलने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला बोलावलं, सगळ्यात लहान पोरांचा वर्ग त्याच्याकडे सोपवला आणि त्या पोराने ते करून दाखवलं.

ही गोष्ट नेहमी बेलच्या कौतुकासाठी सांगतात, मला मात्र त्या मास्तरचा विचार जास्त येतो. आठ वर्षांच्या मुलाला गमवायला काय होतं? मास्तरचं तसं नव्हतं, वर्ग मागे पडला असता तर बोल त्यालाच लागला असता. नवीन गोष्टीला नाही म्हणणाऱ्या शिक्षकाला आपण लगेच आळशी ठरवतो, पण तो बऱ्याचदा फक्त हिशोब करत असतो. बेलने 1797 मध्ये हा प्रयोग छापून प्रसिद्ध केला, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने 1798 मध्ये शाळा सुरू करून साधारण तशीच पद्धत पुढे नेली आणि मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं हे मॉनिटरचं तंत्र कितीतरी देशांत गेलं. स्वस्त होतं ना, एका शिक्षकात शेकडो मुलं बसायची. पुढे त्याचाही ठरीव साचा झाला, घंटा, हुकूम, घोकंपट्टी. धाडस म्हणून सुरू झालेली गोष्ट एका पिढीत नियम होऊन बसते, हे इथूनच दिसायला लागतं.

1848 चं पुणं सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे थोडक्यातच. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल-शेण फेकलं गेलं, आणि 1849 मध्ये दोघांना घर सोडावं लागलं. पुढे 1852 मध्ये सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. क्रम बघा, आधी घर गेलं आणि शाल नंतर आली. त्यांच्या पाठीशी कुठलं पद नव्हतं की ऑर्डर नव्हती, सगळी झळ सरळ अंगावर, आणि तरी ते दोघं थांबले नाहीत. हे मोठंच आहे, पण प्रत्येक शिक्षकाकडून इतकी अपेक्षा ठेवून कुठलीच व्यवस्था चालत नाही.

आता ज्या घटनेचा परिणाम माझ्या मते आजपर्यंत पुरलाय ती म्हणजे इंग्लंडमधला 1862 चा सुधारित कोड, म्हणजे शाळांना सरकारी अनुदान कसं द्यायचं याचे नवे नियम. सरकारी पैसा शाळांना जातोय, त्याबदल्यात काय मिळतंय हा प्रश्न रॉबर्ट लो या मंत्र्याने विचारला आणि प्रश्न रास्तच होता. उत्तर मात्र असं काढलं की निकालाप्रमाणे पैसे. प्रत्येक मुलामागे 4 शिलिंग हजेरीचे आणि 8 शिलिंग परीक्षेचे, वाचन, लेखन, गणित असे तीन विषय, एकात नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापायचे. म्हणजे पोरगं गणितात अडखळलं की किती नुकसान झालं हे मास्तरला बसल्या जागी कळायचं, कारण त्याचा पगारही बऱ्याच ठिकाणी याच ग्रँटवर अवलंबून असायचा.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर यायचा, एकेका मुलाला समोर बोलवून वाचायला लावायचा. वर्षभर एकच पुस्तक घोकलेलं असायचं, कितीतरी पोरं पानाकडे न बघताच धडा म्हणू शकायची. मॅथ्यू आर्नल्ड, जो कवी म्हणून प्रसिद्ध आहे पण पोटासाठी आयुष्यभर शाळा तपासत फिरला, त्याने 1867 च्या आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं की नीट तयारी करून घेतली तर मुलांना वाचता-लिहिता, हिशोब करता न येताही या परीक्षेत पास करता येतं. पाचच वर्षांत कळलं होतं! आणि तरी ही पद्धत पूर्ण जायला 1890 चं दशक उजाडलं. तीस-पस्तीस वर्षं म्हणजे शिक्षकांची एक अख्खी पिढी, जिला नोकरीत एकच धडा मिळाला की ठरलेल्या रस्त्यावरून हलायचं नाही. नियम नंतर बदलला पण सवय कशी जाणार?

गेली, पण कुठेकुठेच. ससेक्समधल्या सॉम्प्टिंग नावाच्या खेड्यात हॅरिएट फिनले-जॉन्सन नावाच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मुलांना इतिहास नाटकातून शिकायला दिला, आणि ते गॅदरिंगचं पाठांतराचं नाटक नव्हतं, मुलंच पुस्तकं धुंडाळणार, संवाद रचणार, पोशाख जुळवणार, आणि बाई बाजूला बसून बघणार. त्या काळात वर्गाचा ताबा असा मुलांकडे देणं म्हणजे नोकरीशी खेळ. पण शाळा बघायला आलेला माणूस होता एडमंड होम्स, मुख्य इन्स्पेक्टर, ज्याची आख्खी नोकरी याच तपासणी यंत्रणेत गेली होती. त्याने हे थांबवलं नाही. निवृत्तीनंतर 1911 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, त्यात जुन्या पद्धतीवर कडक टीका केली, आपण स्वतःही तिचा भाग होतो हे कबूल केलं, आणि या बाईंचं काम, टोपणनाव देऊन, आदर्श म्हणून मांडलं. बाईंचं धाडस मोठंच, पण तपासणारा माणूस त्यांच्या बाजूने होता म्हणून ते काम आपल्यापर्यंत पोचलं. अशा किती बाई असतील ज्यांच्याकडे होम्स आलाच नाही, हा विचार मनातून जात नाही.

त्याच सुमारास, 6 जानेवारी 1907 ला, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. तिथला एक प्रसंग मला फार आवडतो. साहित्याचं कपाट कुलपात असायचं, बाई ते उघडून मुलांना वस्तू वाटायच्या. एक दिवस कुलूप लावायचं राहिलं, त्यात बाई उशिरा आल्या, येऊन बघतात तर मुलांनी कपाट उघडलेलं आणि आपापल्या वस्तू काढून घेतलेल्या. बाईंना ही चोरी वाटली, शिक्षा व्हायला हवी असं त्यांचं म्हणणं. माँटेसरींना दिसलं की मुलांना वस्तू इतक्या ओळखीच्या झाल्यात की काय हवं ते त्यांचं त्यांना ठरवता येतंय. मग मोठं कपाट गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी उघडी कपाटं आली. बाईंच्या चुकीतून पद्धत घडली, आणि ती घडू शकली कारण वर जी व्यक्ती होती तिने चूक बघून आवाज चढवला नाही, आधी नीट बघितलं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंनी शिकागो विद्यापीठात 1896 मध्ये प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढली होती, पण पत्नी अ‍ॅलिस यांच्या प्राचार्यपदावरून विद्यापीठाशी बिनसलं आणि 1904 मध्ये ते निघून गेले. कल्पना कितीही भक्कम असो, वरचा आधार सुटला की माणूस जातो.

आता उलटी बाजू, कारण धाडस म्हणजे चांगलंच असं मला अजिबात म्हणायचं नाही. लंडनमधली विल्यम टिंडेल ज्युनियर ही शाळा. 1974 मध्ये नवे मुख्याध्यापक आले, काही शिक्षकांनी मिळून वर्ग खूपच मोकळे केले, मुलांनी काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं. पालक घाबरले, आम्हाला विचारलं का म्हणाले, मुलं काढून घेऊ लागले, पट घसरला. 1975 मध्ये तर शिक्षकांनी तपासणीला नकार देऊन संप केला. मग चौकशी, 1976 चा ऑल्ड अहवाल आणि नोकऱ्या गेल्या. मला वाटतं त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी जी रिस्क घेतली ती दुसऱ्यांच्या मुलांच्या नावावर आणि दुसऱ्यांना सोबत न घेता. त्याच वर्षी पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात शाळांच्या कारभारावर जाहीर प्रश्न उभे केले, पुढे 1988 च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. एका शाळेमुळेच हे सगळं झालं असं नाही, पण मोकळीक दिली की असं होतं हे सांगायला लोकांना एक आयतं उदाहरण मिळालं.

अमेरिकेत 1979 च्या आसपास रॉन एडमंड्स यांनी गरीब वस्तीतल्या पण उत्तम चालणाऱ्या शाळांचा अभ्यास मांडला, त्यात खंबीर नेतृत्व हा ठळक मुद्दा होता. मुख्याध्यापक म्हणजे फक्त हिशोब आणि हजेरी सांभाळणारा नाही, शिकवण्याकडे लक्ष देणारा नेता, हे तिथून जोरात बोललं जायला लागलं. छान होतं ते. पण जानेवारी 2002 मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायदा आला, 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं वाचन-गणितात पात्र झाली पाहिजेत, नाही झाली तर कारवाई, शेवटी स्टाफ बदलण्यापर्यंत. नेता व्हा असंही सांगायचं आणि चुकलात तर खुर्ची जाईल असंही सांगायचं. अटलांटात काय झालं ते 2011 च्या सरकारी चौकशीत बाहेर आलं, 44 शाळांमध्ये गैरप्रकार, 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं, त्यात 38 मुख्याध्यापक, मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली. भीतीचं वातावरण होतं असं चौकशीनेच म्हटलंय. खोडरबर हातात घेतलेल्या त्या माणसांचं मी समर्थन करत नाही, पण 1862 चा तो इन्स्पेक्टर आणि पाठ केलेलं पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही.

फिनलंडचं नाव आता सगळेच घेतात, पण त्यांनी किती हळू केलं ते कोणी सांगत नाही. 1968 ला कायदा, मग 1972 मध्ये उत्तरेच्या लॅपलँडपासून सुरुवात करून 1977 पर्यंत दक्षिणेत पोचायचं, सगळ्या मुलांना नऊ वर्षं एकच शाळा. विरोध झालाच. सोबत शिक्षकाचं शिक्षण मास्टर्सच्या पातळीवर नेलं आणि नंतर, 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शाळा तपासणीच बंद केली. आधी माणसं तयार केली, मग पहारा उठवला. आपण नेमका पहिला भाग सोडून दुसऱ्याची मागणी करतो.

जपानात अजून साधी गोष्ट आहे, जुग्यो केन्क्यू. शिक्षक मिळून एक तास आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात आणि नंतर बसून बोलतात. तास फसला तर तो सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे एकट्याची मान खाली जात नाही.

एक अनुभव माझाही. काही वर्षांपूर्वी मला पाचवीच्या गणिताची घटक चाचणी बंद करून मुलांनीच एकमेकांना प्रश्न काढायचे असं करून बघायचं होतं. घाबरत घाबरत अर्ज दिला. आमच्या मोठ्या बाईंनी त्यावर पेनने लिहिलं, परवानगी माझी, तक्रार आल्यास माझ्याकडे पाठवणे, आणि सही. पहिल्या सत्रात मार्क खरंच कमी आले, मुलं प्रश्न फार सोपे काढत होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पालक आले, बाईंनी मला वर्गावर जायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्याशी तासभर बोलत बसल्या, काय फसलं आणि आता काय बदलणार ते सगळं सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी सुधारून तेच परत केलं, तेव्हा अर्जावर माझ्या सहीखाली अजून दोघींच्या सह्या होत्या.