'कोणतंच युद्ध नको' आणि 'हे युद्ध नको'

पोपनी कुठलं युद्ध थांबवा म्हटलं की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक : "एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करणारी माणसं, आणखी काय बोलणार!" दुसरी : "मग क्रूसेड, म्हणजे मध्ययुगात ख्रिस्ती सैन्यांनी धर्मासाठी काढलेल्या मोहिमा, कोणी केली?" दोघांचाही समज एकच, की ख्रिस्ती माणसाचा युद्धाला विरोध असतो तो एकाच कारणानं. कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत बसत नाहीत. ही सरमिसळ अग्रलेखांत चालते, प्रवचनांतही चालते, आणि मला तिचा मनापासून कंटाळा आलाय.

पहिलं कारण शांततावाद. त्याबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. विनोबा नुसते ऐकून माहीत असले तरी ते अर्धंअधिक कळतं. निमित्त कितीही मोठं असो, माणूस मारायचा नाही. विषय संपला. १५२७ साली श्लाइटहाइमला जमलेल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथानं हे लिहून ठेवलं, सतराव्या शतकात क्वेकर या दुसऱ्या पंथानं ते इंग्लंडच्या राजाला कळवलं. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरन या मंडळ्या आजही त्यासाठी ओळखल्या जातात. हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देता येत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत ब्रेदरन होती.

दुसरं कारण न्याय्य युद्धाच्या विचारातून येतं, आणि घोळ होतो तो इथेच. 'न्याय्य युद्ध' हे शब्द कानावर पडले की वाटतं, चर्चनं युद्धावर तीर्थ शिंपडलं. त्यात आपल्याकडे त्याचं भाषांतर सर्रास 'धर्मयुद्ध' करतात. हा शब्द मला अजिबात चालत नाही. कुरुक्षेत्रावरचं धर्मयुद्ध वेगळं. १०९५ मध्ये क्लेरमाँला पोप दुसरे अर्बन यांनी ज्याची हाक दिली ते क्रूसेड वेगळं. तिथे लढणं हेच प्रायश्चित्त मानलं गेलं होतं. आणि न्याय्य युद्ध तर आणखी वेगळं. तिघांना एकच शब्द वापरला की पुढची चर्चा पाण्यात जाते.

न्याय्य युद्धाचा विचार म्हणजे खरं तर अटींची यादी. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीननी त्याची सुरुवात करून दिली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी तीन अटी घातल्या : युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कारण रास्त हवं, हेतू शुद्ध हवा. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात आणखी कडक अटी आहेत. आक्रमकानं केलेलं नुकसान गंभीर, टिकणारं आणि निश्चित असलं पाहिजे. बाकीचे सगळे उपाय थकलेले असले पाहिजेत. यशाची खरी शक्यता पाहिजे. आणि जे अरिष्ट टाळायचं, त्याहून मोठं अरिष्ट शस्त्रांनी ओढवता कामा नये. या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. बांधकामाची फाइल आठवा : ना-हरकत दाखले सगळे हवेत, एक कमी असला तरी परवानगी नाही. दाखला आणायची जबाबदारी बांधणाऱ्याची, शेजाऱ्याची नाही. तसंच इथे पटवून द्यायचं ओझं युद्ध करणाऱ्यावर आहे, 'नको' म्हणणाऱ्यावर नाही.

म्हणून शांततावाद्याला युद्धाची फाइल उघडावीच लागत नाही. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. न्याय्य युद्धवाला फाइल उघडतो, वाचतो, आणि बहुतेक वेळा 'हे नको' म्हणतो. क्वचित 'हो'ही म्हणू शकतो. आणि त्याचा नकार कमी धारदार असतो असं समजू नका. जॉन फोर्ड नावाच्या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूंनी १९४४ साली, स्वतःचा देश जिंकत असताना, शहरंच्या शहरं बेचिराख करणारी बॉम्बफेक अनैतिक आहे असा सविस्तर युक्तिवाद छापला. हिटलरशी लढूच नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. लढाई रास्त असली तरी तिची रीत रास्त असेलच असं नाही, एवढंच ते सांगत होते.

फ्रांझ येगरश्टेटर यांना तर सगळेच शांततावादी म्हणतात. हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला म्हणून ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये चर्चनं त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. पण त्याआधी त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्यांचा आक्षेप या युद्धाला होता : दुसऱ्यांचे देश बळकावण्यासाठी चाललेली ही लढाई, तिच्यात मी हात कसा लावू?

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ मार्च १९७१ चा निकाल बघा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे सक्तीची लष्करभरती होती. विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून सूट मागता येत असे, पण कायद्याची भाषा होती : विरोध 'कोणत्याही स्वरूपाच्या' युद्धाला हवा. न्यायालयापुढे दोघे आले. गिलेट यांचं म्हणणं, देशावर हल्ला झाला तर लढेन, व्हिएतनाममध्ये नाही. नेग्रे कॅथलिक होते, आणि अन्याय्य युद्धात भाग घेऊ नये ही शिकवण त्यांनी गंभीरपणे घेतली होती. दोघंही हरले, आठ विरुद्ध एक मतानं. एकटे न्यायमूर्ती डग्लस वेगळ्या मताचे.

म्हणजे झालं काय, तर क्वेकर मुलाला कायद्यानं घरी राहता येत होतं आणि आपल्या चर्चची शिकवण तंतोतंत पाळणाऱ्या कॅथलिक मुलाला येत नव्हतं. सरकारची अडचण मला कळते : जो तो आपल्या पसंतीचं युद्ध निवडायला लागला तर सैन्य उभं कसं करायचं? पण नैतिकदृष्ट्या नेग्रे यांचं काम जास्त अवघड होतं असं माझं ठाम मत आहे. त्यांना नुसता नियम पाळायचा नव्हता. युद्ध तपासून निर्णय करायचा होता, आणि तो चुकला असता तर दोष त्यांच्याच माथी आला असता.

आता पोपांकडे. ४ ऑक्टोबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांत पोप सहावे पॉल म्हणाले, 'पुन्हा युद्ध नको, कधीच नको.' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की माणूस जोवर दुबळा, चंचल आणि कधी दुष्टही आहे तोवर संरक्षणापुरती शस्त्रं, दुर्दैवानं, लागतीलच. ते कोणी उद्धृत करत नाही. १९७२ च्या शांतता दिनाच्या संदेशात त्यांनी शांती हवी असेल तर न्यायासाठी झटा असं लिहिलं, तेही याच धाग्यातलं : अन्याय तसाच ठेवून मागितलेली शस्त्रसंधी त्यांना पुरेशी वाटत नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी मात्र दार बरंच लोटून घेतलं. ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकात त्यांनी लिहिलं की जुन्या निकषांवर आज 'न्याय्य युद्धा'बद्दल बोलणं फार अवघड झालंय. कारण उघड आहे : अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक शस्त्रं. त्या काळजीच्या मुळाशी 'मोठं अरिष्ट ओढवू नये' ही जुनीच अट आहे. खालच्या तळटीपेत ते आणखी पुढे जातात आणि ऑगस्टीनची कल्पना आज आपण धरून नाही असं म्हणून टाकतात. तेवढ्यावरून पुष्कळांनी जाहीर केलं की कॅथलिक चर्च शांततावादी झालं. मला ती घाई वाटते. 'फार अवघड' म्हणजे 'अशक्य' नव्हे. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी कझाकस्तानहून परतताना विमानात त्यांना युक्रेनला शस्त्रं देण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की स्वसंरक्षण रास्त आहे, इतकंच नाही, ती देशप्रेमाची खूण आहे. शस्त्रं देणंही नैतिक असू शकतं. पण युद्ध भडकवायला, माल खपवायला किंवा नको झालेली शस्त्रं खपवायला दिली तर ते अनैतिक. अक्विनास यांची तिसरी अट : हेतू शुद्ध हवा.