आर्द्रता ८० टक्के, तरी हात फुटलेले

जानेवारीत येऊरच्या पायथ्याशी सकाळी फिरायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली: ठाण्याला खाडी एवढी जवळ, फोनवर आर्द्रता ८० टक्के दिसते, मग हात उलतात कसे?

आकडा खराच असतो. अडचण टक्क्यांत आहे. हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्यापैकी किती भरली आहे, एवढंच तो सांगतो आणि थंड हवेत मुळात मावतेच कमी. १७ अंशांना एक घनमीटर हवेत जेमतेम साडेचौदा ग्रॅम वाफ मावते. त्याचे ८० टक्के म्हणजे साडेअकरा. हीच हवा हाताला लागून ३० अंशांपर्यंत तापली, की तिच्यात ३० ग्रॅम मावू शकतात. म्हणजे कातडीला टेकलेल्या हवेची आर्द्रता चाळिशीच्या आत आली! मग कातडीतलं पाणी भराभर उडतं. दुपारी ऊन तापल्यावरही फारसा फरक पडत नाही, कारण समुद्राकडचा वारा सुटेपर्यंत जमिनीवरचा कोरडा वाराच वाहत असतो.

या पाण्याला अडवतो तो त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर आणि पेशींच्या फटींत भरलेले सेरामाइड, कोलेस्टेरॉल असे स्निग्ध पदार्थ. भांड्यांचा साबण नेमके तेच धुऊन नेतो, गिझरचं कढत पाणी त्यात भर घालतं. थंडीपेक्षा सिंकवर जास्त संशय घ्यावा, असं माझं मत आहे.

हाताच्या पाठीवर नखाने रेघ ओढून बघा, पांढरी उमटेल. मृत पेशी एरवी नकळत गळत असतात. त्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे तोडायला एन्झाइम्स असतात, पण पुरेसं पाणी असेल तरच ती नीट काम करतात. पाणी घटलं की पेशी पुंजक्यांनी चिकटून राहतात. नख लागताच पुंजक्यांच्या कडा उचलल्या जातात, प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते.

महागड्या क्रीमची गरज सहसा नसते. पेट्रोलियम जेली वाफ अडवते, ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. कोकणातल्या घरांत भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल लावतात. थंडीत त्याचा गोळाच असतो, तो वितळवून घ्यायचा. यांतलं काहीही चालेल, फक्त हात धुऊन टिपल्यावर, ते जरा ओलसर असतानाच लावा. कोरड्याठाक हातावर जेली चोळली, तर तिने अडवायचं कोणतं पाणी?